पाण्याला रंग नसतो, मग मोनेने रंगवलं काय?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर क्लोद मोनेचं 'ला ग्रनुयेर' हे चित्र फुकट पाहता येतं, आणि हवं तेवढं मोठं करून पाहता येतं. आधी अख्खं चित्र बघा. उन्हाळ्याचा दिवस, झाडांनी वेढलेली नदी, पाण्यात मधोमध ताटासारखं गोल, चिमुकलं बेट. बेटावर एकच झाड आणि त्याखाली दाटीवाटीने उभी असलेली माणसं. उजवीकडे पाण्यावर तरंगणारी खाणावळ, तिथून बेटापर्यंत टाकलेली अरुंद फळी, आणि अगदी पुढे बांधून ठेवलेल्या होड्या. आता पाण्यावर बोटं ठेवून मोठं करत जा. एका क्षणी पाणी नाहीसं होतं. उरतात ते रंगाचे आडवे, जाडजूड पट्टे. एक काळपट हिरवा, त्याला खेटून फिका निळा, मध्येच पिवळट पांढरा. भिंत रंगवणाऱ्याने कुंचला पुसून ठेवावा तसे. चित्र पुन्हा लहान करा, की पाणी परत येतं, आणि ते नुसतं पाणी नसतं, हलणारं पाणी असतं.

कितीतरी वर्षं मला ही हातचलाखी वाटायची. कुंचल्याचे चार फटकारे मारायचे आणि उरलेलं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचं. पण नदीकाठी बसून पाण्याकडे नीट बघायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस काहीच सोपवत नाहीये. त्याने जे दिसलं ते जवळजवळ हिशेबनिसाच्या चोखपणाने मांडलंय. ते कसं, ते सांगायचा हा प्रयत्न.

एक शब्द आधी उलगडून घेऊ. इंप्रेशनिझमला मराठीत 'दृक्प्रत्ययवाद' म्हणतात. शब्द जिभेला जड आहे, मान्य. पण फोड करून पाहिली तर मूळ फ्रेंच शब्दापेक्षा तो अर्थाच्या जास्त जवळ जातो. दृक् म्हणजे पाहणं, प्रत्यय म्हणजे अनुभव. वस्तू काय आहे हे डोक्यात ठेवून रंगवायचं नाही, डोळ्याला त्या घडीला जे जाणवलं ते रंगवायचं. फ्रेंच नाव पुढे १८७४ साली एका टीकाकाराने टिंगल म्हणून चिकटवलं. आपलं चित्र त्याच्याही पाच वर्षं आधीचं, १८६९चं. म्हणजे ज्या पंथाचं हे चित्र मानलं जातं त्याचं अजून बारसंही व्हायचं होतं.

एक गैरसमजही इथेच बाजूला ठेवू. मोनेला मोतीबिंदू होता म्हणून तो धूसर रंगवायचा, असं हमखास कुणीतरी सांगतं. मोतीबिंदू होता हे खरं, पण त्याचं निदान झालं १९१२ साली आणि शस्त्रक्रिया १९२३ साली. 'ला ग्रनुयेर' रंगवलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याचे डोळे ठणठणीत होते.

ही जागा पॅरिसच्या पश्चिमेला, बुजिव्हालजवळ, सेन नदीतल्या क्रुआसी बेटाच्या काठावर होती. ग्रनुयेर या शब्दाचा अर्थ बेडकांचं डबकं. तिथे होड्या भाड्याने मिळत, पोहायची सोय होती, तरंगत्या खाणावळीत खाणंपिणं चाले. पॅरिसहून त्या बाजूला जाणारी रेल्वे १८३७ सालीच सुरू झाली होती. त्यामुळे कारकून, दुकानातल्या मुली, विद्यार्थी, हौशी वल्हेकरी असे सगळे सुटीच्या दिवशी गाडीत बसून इथे येत आणि संध्याकाळी परत जात. त्याच उन्हाळ्यात खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन सहकुटुंब इथे येऊन गेला. चित्रातल्या त्या बेटाला लोक 'कामांबेर' म्हणत, त्या नावाच्या चीजच्या गोल चकतीवरून. थोडक्यात, हा काही रम्य, निर्मनुष्य नदीकाठ नव्हता. रविवारचा गोंगाट होता. नदीचं चित्र म्हटलं की आपल्या मनात शांतता उभी राहते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मोने मात्र सहलीला आलेला नव्हता. तो जोडीदार कामीय आणि दोन वर्षांच्या झाँ या मुलाबरोबर जवळच भाड्याने राहत होता आणि हाताशी पैसा अजिबात नव्हता. त्या वर्षी सरकारी प्रदर्शनाने, ज्याला 'सालाँ' म्हणत, त्याची चित्रं परत पाठवली होती. नाकारलेल्यांत आज जगप्रसिद्ध असलेलं 'मॅगपाय' हे बर्फाचं चित्रही होतं. सालाँमध्ये चित्र लागलं नाही तर गिऱ्हाईक मिळत नसे. फ्रेदेरिक बाझीय या चित्रकार मित्राला ऑगस्टमध्ये लिहिलेल्या पत्रात मोने सांगतो, की रन्वार घरून पाव आणतो म्हणून आम्ही उपाशी मरत नाही. आठवडाभर घरात पाव नाही, चूल पेटवायला जळण नाही, दिवा नाही. ऑग्युस्त रन्वार तेव्हा जवळच आई-वडिलांकडे राहत होता. तोही अठ्ठावीसच वर्षांचा आणि तसाच कफल्लक. हे दोघे सामान उचलून त्या गजबजलेल्या काठावर जात आणि शेजारीशेजारी उभे राहून रंगवत.

आता पाण्याकडे येऊ. खरी गंमत तिथे आहे.

नदीला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. आपल्याला दिसतं ते दोन गोष्टींचं मिश्रण. एक, पृष्ठभागावरून आरशासारखा उलटून आलेला प्रकाश, म्हणजे आकाश, झाडं, होड्या यांची प्रतिबिंबं. दुसरं, पाण्याच्या आतून वर आलेला प्रकाश, म्हणजे गाळ, शेवाळ, उथळ असेल तर तळ. या दोहोंतलं कोण वरचढ ठरणार हे आपण कुठल्या कोनातून बघतो त्यावर ठरतं. पायाशी सरळ खाली बघितलं तर पृष्ठभाग शंभरातला साधारण दोन भाग एवढाच प्रकाश परत पाठवतो, बाकीचा आत शिरतो. म्हणून पायाजवळचं पाणी गडद दिसतं आणि त्यातून आतलं दिसतं. नजर जसजशी दूर जाते तसतशी ती पाण्याला जास्त तिरकी होत जाते आणि पाणी जास्त जास्त आरसा बनत जातं. अगदी दूरवर, जिथे नजर पाण्याला जवळजवळ घासून जाते, तिथे आतला रंग संपतो आणि उरतं ते निव्वळ प्रतिबिंब. कुठल्याही घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून आधी पायाशी आणि मग पैलतीराकडे बघा, एका मिनिटात पटेल.

हे झालं स्थिर पाण्याचं. आता वाऱ्याची झुळूक आली, शेजारून होडी गेली, लाटा उठल्या. प्रत्येक लहान लाटेला दोन उतार असतात. एक आपल्याकडे तोंड केलेला, एक आपल्याकडे पाठ फिरवलेला. आपल्याकडे तोंड केलेल्या उतारावर आपली नजर जास्त सरळ पडते. त्यामुळे तिथे पाण्याचा आतला काळपट-हिरवट रंग डोकावतो, आणि प्रतिबिंब असलंच तर ते उंचावरच्या आकाशाचं असतं. पाठ फिरवलेल्या उतारावर नजर घासून जाते, तिथे क्षितिजालगतच्या गोष्टींचं झगझगीत प्रतिबिंब पडतं. म्हणजे पैलतीरावरची झाडं, किंवा झाडांमागचं फिकट आकाश. म्हणजे वीतभर पाण्यात एकाला लागून एक असे तीन-चार अगदी वेगळे रंग असतात, आणि ते एकमेकांत हळूहळू मिसळत नाहीत. उतार बदलला की रंग तुटतो. लाटा आपण तिरक्या नजरेने, काठावरून बघत असल्यामुळे त्या चपट्या होऊन आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात.

आता चित्रात मोठ्या केलेल्या त्या फटकाऱ्यांकडे पुन्हा बघा. आडवे पट्टे. गडद, मध्यम, फिके. एकमेकांना खेटून, पण मिसळून न टाकलेले. एकेक फटकारा म्हणजे लाटेचा एकेक उतार. मोनेने पाण्याचं सोपं रूप काढलेलं नाही, पाणीच असं तुटक दिसतं.

याच्या पुढची करामत मला सगळ्यात जास्त आवडते. पुढच्या होड्यांजवळचे फटकारे रुंद आणि जाड आहेत. वर, म्हणजे दूर, बेटाकडे जाताना ते अरुंद होत जातात, जवळजवळ येतात आणि पैलतीराशी नुसत्या रेघा उरतात. दूरच्या लाटा आणखी चपट्या दिसतात, म्हणून. पाण्यावर घरांसारख्या सरळ कडा नसतात, त्यामुळे तिथे यथादर्शन, म्हणजे जवळ-लांबचा आभास, दाखवणं अवघड जातं. मोनेने ते काम कुंचल्याच्या रुंदीवर सोपवलं. फटकारे उलटेपालटे करा, मागे जाड आणि पुढे बारीक, की नदी आडवी पडलेली न दिसता भिंतीसारखी उभी राहील. लँडस्केपला जाणाऱ्या आपल्याकडच्या कलाविद्यार्थ्यांनी हा प्रयोग टाकाऊ कागदावर एकदा जरूर करावा.

या चित्राच्या जुळ्या भावंडात, लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या 'ला ग्रनुयेरला पोहणारे' या चित्रात, हेच आणखी धीटपणे दिसतं. तिथे डावीकडे पुढ्यात होड्या तिरप्या लावलेल्या आहेत, आडव्या फळीवर काही माणसं उभी आहेत आणि पलीकडे उन्हात चमकणाऱ्या पाण्यात पोहणाऱ्यांची डोकी, म्हणजे नुसते ठिपके. फळीवरची माणसं पाच-सहा फटकाऱ्यांत उरकलेली. चेहरे नाहीत. पण एकीचा कमरेत वळून उभं राहण्याचा डौल बरोब्बर पकडलाय. हे चित्र साधारण ७३ बाय ९२ सेंटिमीटरचं, म्हणजे एका माणसाला काखेत मारून नदीवर नेता येईल एवढं. न्यूयॉर्कचं त्याच्यापेक्षा किंचित मोठं.

नेता येण्यावरून साधनांची गोष्ट निघते. तैलरंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. टोचून रंग काढायचा आणि भोक खिळ्याने बुजवायचं. पिशवी फुटली की संपलं. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने पिळता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आज आपण टूथपेस्ट पिळतो ती तीच. नळीला झाकण लावा, पेटीत टाका आणि निघा. ट्यूबमुळे दृक्प्रत्ययवाद जन्मला असं सरसकट म्हणतात, ते मला जरा ताणलेलं वाटतं. ट्यूब आल्यावरही तीस वर्षं बहुतेक चित्रकार स्टुडिओतच बसले होते. पण ट्यूबशिवाय मोने त्या काठावर दिवसचे दिवस काम करू शकला नसता, हेही तितकंच खरं. चपट्या कुंचल्याचंही तसंच आहे. केस धातूच्या पट्टीत दाबून बसवलेला चपटा कुंचला एकोणिसाव्या शतकात सर्रास मिळू लागला. गोल कुंचला टोकदार रेघ काढतो. चपटा एका ओढीत कडा असलेला रुंद पट्टा सोडतो. 'ला ग्रनुयेर'चं पाणी हे त्या चपट्या कुंचल्याचंच पाणी आहे.

रंगही नवे होते. कोबाल्ट निळा एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ साली सापडलं आणि त्यातून झगझगीत पिवळे आणि हिरवे रंग आले. विरिडियन हा थंड, पारदर्शक हिरवा बनवायच्या पद्धतीचं पेटंट १८५९चं. म्हणजे मोनेच्या हातातला हिरवा रंग त्याच्याहून लहान होता! आधीच्या पिढ्यांना पाना-पाण्याच्या हिरव्यासाठी पिवळ्यात निळा मिसळून, मातकट होणार नाही ना याची धास्ती घेत काम करावं लागे.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण शाळा-कॉलेजांत ती हमखास चुकीची सांगितली जाते. 'हे चित्रकार शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवत आणि ते डोळ्यात मिसळत.' ते काम नंतरच्या जॉर्ज सराचं. गंमत म्हणजे त्याचं १८८४ ते १८८६ या काळातलं गाजलेलं चित्रही सेन नदीतल्याच दुसऱ्या एका बेटावरचं आहे. मोने १८६९मध्ये रंग पॅलेटवर व्यवस्थित कालवत होता, ओल्या रंगावर ओला रंग ओढत होता. त्याचे फटकारे एवढे मोठे आहेत की खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ते मिसळून एक रंग होत नाहीत. आणि व्हायला नकोच आहेत. मिसळले तर पाणी थांबेल. ते वेगळेच राहतात, डोळा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो, आणि ती धावपळ आपल्याला पाण्याची हालचाल वाटते. शेवाळी हिरव्याशेजारी फिका निळा ठेवला की दोघेही जास्त उठून दिसतात. गोबलँ कारखान्यात कापडरंगाचं खातं सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच ते सविस्तर मांडून ठेवलं होतं. सूत रंगवणाऱ्यांच्या तक्रारी तपासताना त्याला कळलं, की रंग फिका पडलेला नसून शेजारचा रंग त्याला फिका पाडतोय. चांगली साडी नेसणाऱ्या कुठल्याही बाईला काठ-पदराच्या जुळणीतून हे ठाऊक असतं, तो भाग वेगळा.

आणि रन्वार? त्याने शेजारी उभं राहून काय केलं? स्टॉकहोमच्या नॅशनल म्युझियममध्ये त्याचं चित्र आहे. तेच बेट, तेच झाड, तीच खाणावळ. पण त्याने बेट जवळ ओढलंय. माणसं मोठी आहेत, बायकांचे झगे, टोप्या, कुणाचा कुणाशी चाललेला संवाद, यात त्याचा जीव रमलाय. पाणी आहे, छानच आहे, पण मऊ, पिसासारख्या फटकाऱ्यांचं. ते त्या माणसांच्या भेटीगाठींना मागचा पडदा म्हणून आलंय. मोनेच्या चित्रात उलट. माणसं आहेत, कारण त्यांची प्रतिबिंबं पडतात. दोन्ही चित्रं दोन खिडक्यांत उघडून शेजारी ठेवा. एकाच काठावरून, एकाच उन्हाळ्यात एक जण गर्दीकडे बघत होता आणि दुसरा गर्दीखालच्या पाण्याकडे. मला विचाराल तर या खेपेला मोनेने बाजी मारली. माणसं रंगवण्यात रन्वारने पुढे त्याला मागे टाकलं, पण नदी त्याची नाही.

आपल्याला आज हे चित्र सुंदर दिसतं, मग तेव्हा लोक बिथरायचे का? कारण 'पुरं झालेलं' चित्र म्हणजे काय याची व्याख्या ठरलेली होती. सालाँमधलं चित्र गुळगुळीत हवं, कुंचल्याची खूण दिसता कामा नये. बाहेर जाऊन झपाट्याने केलेल्या अशा कच्च्या चित्राला फ्रेंचमध्ये पोशाद म्हणत. ती करायला कुणाची ना नव्हती. सगळेच करत. फक्त ती घरी ठेवायची, त्यावरून स्टुडिओत महिनोन्‌महिने खपून मोठं, घोटलेलं चित्र करायचं आणि ते प्रदर्शनाला पाठवायचं. कच्च्या वहीतलं गणित पक्क्या वहीत उतरवतो तसं. उतरवताना लाटांचे तुटलेले रंग घोटून एकजीव होत, आणि पाणी काचेसारखं नितळ आणि काचेसारखंच निपचित होऊन बसे.

मोनेलाही नेमकं हेच करायचं होतं. २५ सप्टेंबर १८६९ला त्याने बाझीयला लिहिलं, की माझ्या डोक्यात एक चित्र आहे, ला ग्रनुयेरच्या स्नानाच्या जागेचं. त्यासाठी मी काही वाईट कच्ची चित्रं केली आहेत, पण ते स्वप्नच आहे. इथे दोन महिने राहिलेल्या रन्वारलाही हेच चित्र करायचंय. 'वाईट पोशाद' हा शब्द त्याचाच. ज्यांच्यापासून दृक्प्रत्ययवाद सुरू झाला असं आज कलेतिहासाची पुस्तकं सांगतात, त्या चित्रांना खुद्द चित्रकार वाईट म्हणत होता. विनय म्हणावं तर विनय. पण त्याच्या पत्रातला वैताग खरा वाटतो. सालाँने यंदा हाकललं, हिवाळा तोंडावर आलाय, आणि हाती आहेत त्या फक्त कच्च्या वहीतल्या बेरजा.

पुढच्या वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. मोने कुटुंबासह लंडनला गेला. बाझीय सैन्यात भरती झाला आणि नोव्हेंबर १८७०मध्ये लढाईत मारला गेला, एकोणतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. परत आल्यावर मोने सेनच्याच काठी आर्जांतईला राहिला. तिथे त्याने एक होडी घेऊन तिच्यावर खोपटं बांधलं आणि तिलाच स्टुडिओ केलं, म्हणजे आता काठही नको. सत्तावन्नाव्या वर्षीही तो पहाटे साडेतीनला उठून सेनवर जात होता. धुकं बदलेल तसे होडीतले कॅनव्हास बदलत एकाच वळणाची चित्रं करत होता. पण ते पाणी वेगळं, पहाटेचं, न हललेलं.

त्या स्वप्नातल्या मोठ्या चित्राचं काय झालं? 'ला ग्रनुयेर'चं मोनेने केलेलं आणखी एक चित्र, या दोन्हींपेक्षा मोठं, बर्लिनमध्ये आर्नहोल्ड यांच्या संग्रहात होतं. पत्रातलं स्वप्न म्हणजे तेच असावं, असा अंदाज मेट्रोपॉलिटन म्युझियम नोंदवतं. ते आता हरवलं आहे. राहिली आहेत ती लंडनची आणि न्यूयॉर्कची, वाईट म्हणून नावाजलेली.